समुद्रापलीकडील संसार



उदरनिर्वाहासाठीं घर सोडणें ही गोष्ट मनुष्यजातीला नवी नाहीं. परंतु एखाद्या राष्ट्रांतील लक्षावधि माणसें, आणि त्यांतही पुष्कळशा माता, आपलीं मुलें मागें ठेवून परक्या देशीं कामास जातात, तेव्हां एक बिकट प्रश्न उभा राहतो. मुलांच्या पोटासाठीं मुलांपासूनच दूर जाणाऱ्या आईबापांनीं आपलें आईबापपण टिकवावें तरी कसें? फिलिपाईन्स देशांतील कामकऱ्यांच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथें १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचें व त्यानंतर अमेरिकेचें राज्य होतें. ४ जुलै १९४६ रोजीं तो स्वतंत्र झाला. अमेरिकन अमलांतच, १९०६ च्या डिसेंबर महिन्यांत, पंधरा फिलिपिनो मजूर हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांवर कामाला गेले, आणि तेथून या प्रवासाचा प्रारंभ झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें १९७४ सालच्या कामगार कायद्यानें परदेशच्या नोकरीला सरकारी व्यवस्थेचें रूप आलें. देशांत बेकारी होती. उलट, तेलाचे भाव चढल्यामुळें अरबस्थानांत बांधकामांना ऊत आला होता. प्रथम बहुधा पुरुष गेले. नंतर घरकाम व रुग्णशुश्रूषा यांसाठीं स्त्रियांना मागणी आली, आणि घरचा बाप जाण्याऐवजीं घरची आईच जाऊं लागली. १९८८ सालीं राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनीं हाँगकाँगमधील घरकाम करणाऱ्या स्त्रियांना देशाचे ‘नवे वीर’ म्हणून गौरविलें. एकट्या २०२३ सालीं या सर्व कामकऱ्यांनीं बँकांमार्फत स्वदेशीं धाडलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरांहून अधिक होती. राष्ट्राचा हा लाभ खरा. पण त्याची किंमत कोणी दिली, हें पाहण्यासाठीं एखाद्या घरांत डोकावलें पाहिजे.

समजा, इलोइलो प्रांतांतील एक माता हाँगकाँगला गेली आहे. तिचा करार दोन वर्षांचा. मालकाच्या घरींच राहावयाचें, असा तेथील नियम आहे. स्वतःचें कुटुंब सोबत नेण्याची मुभा नाहीं. सकाळीं ती मालकाच्या मुलाला न्हाऊं घालते, त्याचा डबा भरते, त्याला शाळेच्या गाडीपर्यंत पोहोंचविते. त्याच घटकेस तिच्या स्वतःच्या मुलीची वेणी आजी घालीत असते. आठवड्यांतून एक दिवस सुटीचा. त्या दिवशीं, बहुधा रविवारीं, शहराच्या मध्यभागीं पदपथांवर पुठ्ठे अंथरून या स्त्रिया हजारोंनीं एकत्र बसतात, स्वदेशचे पदार्थ वांटून खातात व घरच्यांशीं बोलतात. सहा दिवस परक्या घराचे, आणि आपल्या घरासाठीं उरलेला तो एक दिवस!

मागें राहिलेल्या घराचें काय होतें? समाजशास्त्रज्ञ रासेल पारेन्यास यांनीं अशा कुटुंबांतील मुलांशीं बोलून २००५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, बाप परदेशीं गेला तर लोक तें स्वाभाविक मानतात. आई गेली तर मात्र मुलांना टाकून गेली असा बोल तिला लागतो. दुसरें असें कीं, आई गेल्यावर घरचें काम बाप क्वचितच अंगावर घेतो. तें आजी, मावशी किंवा थोरली मुलगी यांच्याच वांट्याला येतें. फिलिपिनो भाषेंत थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. वयानें शाळकरी असलेली ही ‘आते’ धाकट्या भावंडांची आईच होऊन बसते, आणि तिच्या हरवलेल्या बालपणाचा हिशेब कोणत्याही बँकेच्या पुस्तकांत लिहिला जात नाहीं.

दुरावा भरून काढण्याचीं साधनें या लोकांनीं पुष्कळ शोधिलीं. पूर्वीं पत्रांच्या जोडीला ध्वनिफितींवर आपला आवाज भरून पाठवीत. आतां फोनवर एकमेकांचें मुख दिसतें. तथापि घड्याळ आडवें येतेंच. दुबईंत सायंकाळचे सहा वाजतात तेव्हां मनिलांत रात्रीचे दहा वाजलेले असतात. आई मोकळी होते त्या वेळीं मूल झोंपीं गेलेलें असतें. दुसरें साधन म्हणजे ‘बालिकबायान’ नांवाची मोठी पेटी. साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेट, कपडे असें सामान तींत महिनोन्‌महिने थोडें थोडें सांठवून आई ती जहाजानें घरीं पाठविते. नाताळाला पेटी हातीं पडावी म्हणून ती कित्येक आठवडे आधीं रवाना करावी लागते. कधीं असेंही होतें कीं, पेटींतले बूट पोहोंचतात तेव्हां मुलाचा पाय त्यांत मावत नाहीं. आईनें माप विचारून घेतलेलें असतें, तिच्या प्रेमांतही कांहीं उणें नसतें. परंतु मूल वाढतांना तिनें पाहिलेलें नसतें.

मग यावर उपाय काय? ज्या कुटुंबांनीं हा वियोग बऱ्या प्रकारें निभावून नेला, त्यांच्या वर्तनांत चार गोष्टी दिसतात. पहिली, जाण्याचा हेतु व मुदत ठरलेली असणें. घराचें छप्पर, अमुक मुलाचें शिक्षण, अमुक कर्जाची फेड, असें कांहीं निश्चित नसेल तर एका करारामागून दुसरा करार होत जातो आणि परतण्याचा दिवस क्षितिजासारखा पुढें सरकतो. दुसरी, मिळकतीचा कांहीं भाग परतल्यावरच्या धंद्यासाठीं बाजूला ठेवणें. सर्वच रक्कम नातलगांच्या गरजांत व भेटींत गेली तर दहा वर्षांनंतरही पुन्हां जाणें चुकत नाहीं. तिसरी, मागें राहिलेल्या बापानें चूल, अभ्यास व आजारपण हीं आपलींच कामें समजणें. चौथी, नेमलेल्या वेळीं न चुकतां बोलणें, व त्या बोलण्यांत केवळ पैशाची चौकशी नसून शाळेंत आज काय घडलें, कोणाशीं भांडण झालें, अशी रोजची बारीकसारीक हकीकत असणें. फिलिपिनो खलाशाच्या मूळ पगारापैकीं निदान शेंकडा ८० भाग घरीं जावा, असा त्याच्या कराराचाच नियम आहे. पैसा पोहोंचविण्याचा नियम करतां येतो. माया पोहोंचविण्याचा नियम मात्र कोणत्याही सरकारला करतां येत नाहीं. ती ज्याची त्यानेंच पोहोंचवावी लागते.

हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाहीं. कोंकणांतील चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत राबून गांवीं मनिऑर्डरी धाडीत. रत्नागिरीकडचे कित्येकजण आजही आखाती देशांत आहेत. गोव्याचे खलाशी फिलिपिनो खलाशांच्या खांद्याला खांदा लावून एकाच जहाजावर काम करतात. आपल्यापैकीं एखाद्याचे वडील या क्षणींही समुद्रावर असतील. अशा विद्यार्थ्यानें वडिलांनीं काय पाठविलें एवढेंच मोजूं नये; तें पाठविण्यासाठीं त्यांनीं घरचे किती सण गमावले, हेंही एकदां मोजून पाहावें. आणि उद्यां आपल्यावर दूर जाण्याचा प्रसंग आलाच, तर निघतांना केवळ तिकीट नव्हे, परतण्याचा दिवसही ठरवून निघावें. आज रात्रीं घरीं फोन आला तर त्यावर दोन शब्द अधिक बोलावे; पलीकडचें माणूस दिवसभर त्याच शब्दांची वाट पाहत असतें.