वाटेवरचा मुक्काम

'मुक्काम' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो अरबी भाषेतून आला आणि मराठीत इतका रुळला, की गावोगावचे लोक पत्त्यावर 'मुक्काम पोस्ट' असे लिहू लागले. मुसाफिर, मजल, कनात हे शब्दही उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत नांदतात. भाषा कोणतीही असो, प्रवाशाला रात्री पाठ टेकायला जागा लागतेच.

ही गरज जुन्या राज्यकर्त्यांनी ओळखली होती. शेरशाह सूर याने (१५४० ते १५४५) हमरस्त्यांवर ठिकठिकाणी सराया बांधल्या. तेथे हिंदू व मुसलमान प्रवाशांच्या राहण्याची सोय असे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी अनेक तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या.

पिंपरी-चिंचवडमध्ये अशी सोय दरवर्षी आषाढी वारीच्या वेळी पाहायला मिळते. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते. हा सोहळा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला. देहूबाहेर पडताना पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्याजवळ थांबते. तेथे आरती होते आणि मग पालखी पुढे निघते. देहू सोडल्यावर पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो.

एवढ्या लोकांची सोय कशी होते? दिंडीचा ट्रक सामान घेऊन आधीच पुढे जातो. राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात. दिंडीतले वारकरी खर्चासाठी ठरलेली रक्कम भरतात. तिला 'भिशी' म्हणतात. ज्यांना तेवढेही परवडत नाही, ते देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या वर्गात पथारी पसरतात. महानगरपालिका पाण्याचे टँकर उभे करते. कोणी भाकरी वाढतो, कोणी थकलेले पाय चेपून देतो. म्हणूनच खिशात फारसे पैसे नसलेला माणूसही पंढरपूरला पोहोचतो.

याच परिसरात आणखी एक मुसाफिर असतो. त्याचा मुक्काम मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. चाकणच्या कारखान्यांत दूरदूरच्या राज्यांतून ट्रक येतात. माल उतरेपर्यंत ड्रायव्हरला थांबावे लागते. मग तो केबिनमध्येच अंग मुडपून झोपतो किंवा रस्त्याच्या कडेला स्टोव्हवर डाळ शिजवतो. एखाद्या ढाब्यावर जेवले, की खाट फुकट मिळते. तेवढाच त्याला आराम!

ही झोप चैनीची नसते. डोळ्यांवर झापड आलेला ड्रायव्हर स्वतःचा जीव धोक्यात घालतो आणि रस्त्यावरच्या इतरांचाही. म्हणून १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. कामगारांना जेथे रात्री मुक्काम करावा लागतो, तेथे मालकाने विश्रांतीची जागा द्यावी, असे त्यात सांगितले होते. पण पाच कामगारांपेक्षा लहान व्यवसायाला हा कायदा आपोआप लागू होत नव्हता. एक-दोन ट्रकांच्या मालकाकडे काम करणाऱ्याला आसरा उरतो तो केबिनचा आणि ढाब्यावरच्या खाटेचा.

वारकऱ्यासाठी सारे शहर दार उघडते. ड्रायव्हरही आपल्याच घरातल्या वस्तू घेऊन रात्रंदिवस चालत असतो. त्याला थोडी सावली, स्वच्छ पाणी, शौचालय आणि निर्धास्त झोप मिळाली, तर पाहुणचाराची आपली जुनी रीत खऱ्या अर्थाने पाळली असे होईल.

शब्दार्थ
मजल – एका दिवसात चाललेले अंतर
राहुटी – लहान तंबू
ओवरी – देवळाभोवतालची उघडी पडवी
पथारी – जमिनीवरचे अंथरूण
झापड – झोपेची गुंगी

स्वाध्याय
१. पालखी सोहळा कोणी व केव्हा सुरू केला?
२. 'भिशी' म्हणजे काय?
३. ड्रायव्हरची झोप चैनीची नसते, असे लेखक का म्हणतो?
४. उर्दू व मराठीत सारखे असलेले आणखी पाच शब्द लिहा.