ही थरथर कोणाची?

प्रश्न : चिपळूणला घरी भूकंपमापक बसवला आहे. जून लागल्यापासून रेघ सतत थरथरते. कोयनेचे धक्के असतील का?

उत्तर : नाही. कोयनेचा लहान धक्का मिनिटभरात ओसरतो. दिवसदिवस चालणारी थरथर भूकंपाची नव्हे. आधी नोंदीचा वर्णपट काढा. साधारण 4 ते 8 सेकंदांचं आवर्तन दिसलं, तर तो खवळलेला अरबी समुद्र आहे. समोरासमोरून येणाऱ्या लाटा भिडल्या की सागरतळावर दाब पडतो आणि ती कंपनं जमिनीतून दूरवर पोहोचतात. ही नोंद गोंगाट म्हणून पुसू नका, जपून ठेवा. घरबसल्या समुद्राची नाडी मिळते आहे! 1 हर्ट्झच्या वरची, रात्री मंदावणारी कंपनं रहदारीची. 24 किंवा 48 हर्ट्झजवळ बारीक सरळ रेघ दिसली, तर पाण्याचा पंप बंद करून पाहा.