दोन विमानतळांमधील अंतर आणि वेळेचा हिशेब

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव. येथील रहिवाशांना सर्वांत जवळचा विमानतळ नांदेडचा. त्याच्या नैर्ऋत्येस लातूरचा विमानतळ आहे. या दोन विमानतळांत अंतर किती, आणि ते कापण्यास विमानास किती वेळ लागेल? प्रश्न शाळकरी वाटतो. परंतु विमानसेवेचा लाभ नेमका कोठे होतो, हे त्याच्या उत्तरातून उलगडते.

नांदेड विमानतळ सुमारे 19 अंश 11 मिनिटे उत्तर अक्षांशावर व 77 अंश 19 मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. लातूरचा 18 अंश 25 मिनिटे व 76 अंश 28 मिनिटांवर. (ही मिनिटे कोनाची, घड्याळाची नव्हेत.) अक्षांशांतील फरक 46 मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात 1.852 किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर 85 किलोमीटर भरते. रेखांशांतील फरक 51 मिनिटांचा आहे. पण रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत असल्याने आपल्याकडे रेखांशाचे मिनिट सुमारे पावणेदोन किलोमीटरचेच असते. पूर्व-पश्चिम अंतर त्यामुळे 89 किलोमीटर येते. 85 व 89 यांच्या वर्गांची बेरीज 15,146. तिचे वर्गमूळ 123. हेच सरळ रेषेतील अंतर होय.

प्रादेशिक मार्गांवरील एटीआर-72 हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने हे अंतर पंधरा मिनिटांचे ठरते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. विमानास धावपट्टीच्या टोकापर्यंत जावे लागते, कमी वेगाने उंची गाठावी लागते, आणि पूर्ण वेग येतो न येतो तोच उतरण्याची तयारी सुरू होते. शिवाय उतरायचे ते वाऱ्यास सामोरे; वारा प्रतिकूल असल्यास वळसा आलाच. एवढ्या लहान मार्गासही अर्धा ते पाऊण तास धरणे इष्ट.

आता बाळापूरच्या प्रवाशाचा हिशेब पाहू. नांदेड विमानतळापर्यंत एक तास, उड्डाणापूर्वी एक तास, विमानात पाऊण तास, उतरून लातूर शहरात पोहोचण्यास आणखी पाऊण तास : एकूण साडेतीन तास. मोटारीने थेट निघालेला शेजारी चार तासांच्या आसपास पोहोचेल, तोही दारापर्यंत. अर्ध्या तासासाठी तिकिटाचा खर्च कोण करील?

मुंबईचे चित्र मात्र निराळे आहे. नांदेडहून ती सरळ रेषेत सुमारे 468 किलोमीटर, तर लोहमार्गाने 600 हून अधिक. गाडीत रात्र जाते. वर मोजलेले तासाभराचे रिकामे थांबणे येथेही तेवढेच राहते, पण वाचतात ते कित्येक तास. ‘उडान’ योजनेतील आरंभीच्या उड्डाणांत 27 एप्रिल 2017 रोजी नांदेड-हैदराबाद मार्गाचा समावेश झाला, त्याचे अंतर सुमारे 245 किलोमीटर आहे. माझ्या मते लहान विमानतळ एकमेकांस जोडण्यापेक्षा ते मोठ्या शहरांस जोडणे अधिक हिताचे.

अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हिशेब पुन्हा बदलतो. रुग्णवाहू विमानास तिकीट-तपासणीचा तास नसतो. परंतु बाळापूर ते नांदेड हा रस्त्याचा तास कोणतेही विमान कमी करू शकत नाही. तो रस्ता व रुग्णवाहिका यांवरच अवलंबून राहतो.