बेणे आणावे की रोपे ? गाडीभाड्याचा हिशेब



आडसाली लागणीचे दिवस आले की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, रोप तर हलकं असतं, मग त्याचं भाडं एवढं कसं होतं ?" प्रश्न रास्त आहे. रोपाच्या दरासाठी आपण चार नर्सऱ्या फिरतो, दहा-वीस पैशांवरून घासाघीस करतो. भाडे मात्र गाडी दारात आल्यावर कळते.

गाडी दोन तऱ्हेने भरते, वजनाने किंवा जागेने. त्यातले जे आधी भरेल त्याचे भाडे आपण देतो. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या एकरी १०,००० लागतात. चार टिपऱ्यांचा एक किलो धरला तर अडीच टन ऊस झाला. म्हणजे ट्रॉली वर मोकळी दिसली तरी टायर दबलेले असतात.

रोपांचे उलटे आहे. साडेचार बाय दोन फुटांवर लागण केली तर एकरात ४,८४० रोपे बसतात. ४२ घरांचे ११६ ट्रे झाले. ओला ट्रे चार किलोचा धरला तरी सगळे मिळून पावणेपाच क्विंटलच्या आत. ट्रॉलीला हे वजन काहीच नाही. पण रोपावर ट्रे ठेवता येत नाही ! ट्रॉलीचा तळ दहा बाय सहा फूट आणि ट्रे दोन बाय एक फूट धरा. एका थरात ३० ट्रे, म्हणजे १,२६० रोपे. खेपेचे भाडे २,००० रुपये धरले तर रोपामागे १ रुपया ५९ पैसे पडले. एकराला चार खेपा, ८,००० रुपये.

त्याच ट्रॉलीत लाकडी किंवा अँगलचा चार कप्प्यांचा मांडव केला तर एका खेपेत १२० ट्रे येतात. रोपे ५,०४०, भाडे रोपामागे ४० पैसे, आणि नांग्या भरायला २०० रोपे हाताशी राहतात. मांडवाला खर्च येतो, पण चार-पाच जणांनी मिळून केला तर तो अनेक हंगाम चालतो.

इथे आमची चूक सांगितली पाहिजे. २०२२ च्या आडसालीला खेपा वाचवायच्या म्हणून आम्ही उभे राहून एका सभासदाची रोपे ट्रेवर फळी, फळीवर ट्रे अशी भरून घेतली. खड्ड्यांच्या रस्त्याने फळ्या सरकल्या आणि खालच्या रोपांचे पोंगे मोडले. दोन खेपांचे भाडे वाचले खरे, पण नांग्या भरायला पुन्हा रोपे, पुन्हा मजूर, पुन्हा गाडी. शिवाय मागून लावलेले रोप पुढच्याच्या सावलीत खुरटते ते खुरटतेच. तो सभासद आम्हाला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागले.

मांडव नसेल तर ट्रे नर्सरीतच ठेवून रोपे क्रेटमध्ये आणता येतात. आदल्या दिवशी पाणी तोडावे, म्हणजे कोकोपीट सैल होऊन रोप मुळांच्या गड्ड्यासह सुटते. पानांचे शेंडे छाटून रोपे उभी, दाटीने लावावीत, वर ओले पोते टाकावे. मात्र त्याच दिवशी लागण झाली पाहिजे. सरी तयार नसेल तर या वाटेला जाऊ नये.

नर्सरी तीस-चाळीस किलोमीटर लांब असेल तर आमचे मत असे, की रोपे आणूच नयेत, बेणे आणून रोपे आपल्याच रानात करावीत. वरच्याच हिशेबाने ५,००० डोळ्यांचा ऊस सव्वासहाशे किलो होतो, टिपरीच्या लागणीच्या पाव. हा ऊस पाचटासकट आणावा. पाचट जागा खाते, पण डोळे सांभाळते, आणि वजन एवढे कमी असल्यावर गाडीत जागा असतेच. सोलून, टिपऱ्या करून पोत्यात कोंबलेले बेणे दिसायला सुटसुटीत, पण डोळे चेंगरतात. कोकोपीटही विटा दाबलेलाच घ्यावा, तो भिजला की फुगतो. ओला, मोकळा घेतला तर पाण्याचे भाडे भरावे लागते. घरी रोपे करायला महिनाभर रोजची झारी आणि राखण लागते. घरात माणूस नसेल त्यांनी नर्सरीचीच घ्यावीत.

एका रस्त्यावरच्या सभासदांनी नावे एकत्र दिली तर गाडी वाटून ठरवता येईल. येताना आपल्या नर्सरीच्या ट्रेची लांबी-रुंदी मोजून आणा. सगळ्यांचे ट्रे एका मापाचे नसतात.