ओढ्याच्या पाण्याचे गणित
(इयत्ता ६ वी व ७ वी : गणित व परिसर)

चाकणच्या दक्षिणेस इंद्रायणी व उत्तरेस भामा वाहते. पुढे दोन्ही नद्या भीमेस मिळतात. या दोहोंमधील ओढ्यांना पूर्वी शेतांतून निथळलेले पाणी मिळे. आता पुष्कळ ठिकाणी शेतांच्या जागी कारखान्यांची छपरे व फरसबंद आवारे आहेत. पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी रस्त्याखालची जुनी मोरी तुंबते व पाणी वस्तीत शिरते, असे का व्हावे? अशा प्रश्नाचा उलगडा करणारा जलशास्त्रज्ञ आधी क्षेत्र, पाऊस व प्रवाह मोजतो. हे काम आपल्या विद्यार्थ्यांकडूनही करवून घेता येते.

प्रथम फळ्यावर मांडावे : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हेक्टरभर जागेवर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५ लक्ष लिटर. समजा, शेतातून त्यापैकी तीन दशांश वाहून गेले, तर ओढ्यात दीड लक्ष लिटर येईल. पत्र्यावरून नऊ दशांश वाहिले, तर साडेचार लक्ष. मोरीवर तिप्पट भार! (हे अंश ठरीव नव्हेत, माती, उतार व आधीची ओल यांप्रमाणे ते बदलतात, हे अवश्य सांगावे.) शिवाय छपरावरचे पाणी ओढ्यास लवकर गाठते. मोरीचा खरा घात ही घाई करते.

आता प्रवाह. पूर ओसरल्यावर, पाणी घोट्याएवढे असतानाच, शिक्षकांनी स्वतः उभे राहून हा प्रयोग करावा. पुराच्या वेळी मुलांस ओढ्याकडे मुळीच नेऊ नये. सरळ पात्रात १० मीटर अंतर आखून वाळक्या लाकडाचा तुकडा सोडावा. त्यास २० सेकंद लागले, तर वेग सेकंदास अर्धा मीटर. तळाशी पाणी मंद वाहते, म्हणून या वेगास ०.८५ ने गुणावे. पात्र २ मीटर रुंद व सरासरी ०.१ मीटर खोल असल्यास प्रवाह सेकंदास ८५ लिटर येतो.

वाहून गेलेले पाणी मुरले नाही, हा या गणिताचा दुसरा भाग. आपल्या काळ्या कातळात पाणी मुख्यतः मुरमात व भेगांत साठते. वरून मुरणे घटले की विहिरीस ते जाणवते. म्हणून गावातील एका कठडा असलेल्या विहिरीची पातळी शिक्षकांनी दरमहा दोरीने मोजावी व मुलांनी ती वहीत नोंदवावी. मोजमाप कठड्यावरील एकाच खुणेपासून, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी घ्यावे.