शेजाऱ्याची वाडी: ओंजळ आणि पाटी



भाजीच्या मळ्यासाठी झालेल्या एका खुनाची हकिगत बायबलमध्ये आहे. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. बदल्यात दुसरा मळा किंवा रोख पैसे देण्याची त्याची तयारी होती. नाबोथने वाडवडिलांची जमीन देण्यास नकार दिला. राजा रुसून, न जेवता बिछान्यावर पडून राहिला. मग राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथला दगडमार करून ठार मारण्यात आले (१ राजे २१). चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी या एका प्रसंगावर स्वतंत्र ग्रंथ लिहून धनिकांच्या हव्यासाला जाब विचारला.

आपल्या वसईत ही गोष्ट कोणाला परकी वाटू नये. दगडमार होत नाही, एवढेच. पण वीतभर हद्दीवरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा कुंपणाबाहेर गेलेल्या फांदीवरून सख्ख्या भावांत वर्षानुवर्षे अबोला असतो. म्हणून शेजाऱ्याबरोबर बाग वाटून कशी घ्यावी, याचा आज आपण थोडा अभ्यास करू या.

पोटभर खा, पाटी भरू नका

मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी एक सुंदर नियम आहे (अनुवाद २३:२४-२५). शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलात तर हवी तेवढी द्राक्षे खा, पण भांड्यात भरून नेऊ नका. शेतात गेलात तर हाताने कणसे खुडा, पण विळा लावू नका. म्हणजे ओंजळीला परवानगी आहे, पाटीला नाही.

हा नियम दोघांनाही बांधतो. मालकाने भुकेल्याला हाकलायचे नाही आणि पाहुण्याने मालकाच्या कष्टावर बाजार करायचा नाही. येशूच्या शिष्यांनी शेतातून जाताना कणसे मोडून खाल्ली, तेव्हा परुशांनी त्यांच्यावर चोरीचा आरोप केला नव्हता. त्यांची तक्रार शब्बाथाविषयी होती (मत्तय १२:१-२). दुसऱ्याच्या शेतातली मूठभर कणसे ही चोरी नव्हे, हे दोन्ही बाजूंना मान्य होते.

लेवीय १९:९-१० मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलेले आहे. शेताच्या कडा कापू नका, गळालेली द्राक्षे वेचू नका. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवा. येथे मालकाने वाटायला बसायचे नाही आणि गरिबाने हात पसरायचा नाही. त्याने येऊन स्वतः वेचायचे, म्हणजे त्याचा मान राहतो.

मालकी आणि उपयोग

मग सगळेच सर्वांचे का करू नये? हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने म्हटले होते की, जे अनेकांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. म्हणून मालमत्ता खाजगी असावी, पण तिचा उपयोग मित्रांमध्ये सामाईक असावा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. माणूस स्वतःच्या वस्तूची निगा अधिक राखतो, कामाची विभागणी नीट होते आणि भांडणे कमी होतात, म्हणून खाजगी मालकी योग्य आहे. परंतु वापराच्या बाबतीत माणसाने आपले ते सर्वांचे समजावे आणि गरजवंताला सहज द्यावे, असे ते शिकवतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच सूत्र मांडले: देवाने पृथ्वी सर्वांसाठी दिली आहे आणि खाजगी मालकी त्या हेतूच्या अधीन आहे.

सातबारा माझ्या नावावर असेल; वाडीतला गारवा केवळ माझ्या नावावर नाही.

बावखलाचा धडा

आपल्या पूर्वजांनी हे ग्रंथ न वाचता जगून दाखवले. वसईतील बावखल हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. वाड्या वेगवेगळ्या कुटुंबांच्या, पण गोड्या पाण्याचे बावखल अनेकदा सामाईक असे. रहाटाने पाणी काढून केळी, पानवेली, फुलझाडे व भाजी शिंपली जाई. पावसाचे पाणी बावखलात साठून जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड राहत. रहाट गेले, पंप आले, जागेला भाव आला आणि अनेक बावखले भरावाखाली गेली. एकाने भराव टाकला तरी त्याची किंमत शेजाऱ्याची विहीरही मोजते.

सामाईक वस्तूची शेवटी नासाडीच होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एका गाजलेल्या लेखात मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने मात्र जगभरची कुरणे, मासेमारी व पाटबंधारे अभ्यासून १९९० च्या ग्रंथात दाखवले की, लोकांनी स्वतः नियम केले आणि स्वतः पाळत ठेवली तर सामाईक वस्तू शतकानुशतके टिकते. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या उदाहरणांपैकी एक स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे आहे. तेथील बागायतदारांचे पाणी-न्यायमंडळ दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दाराशी बसते. आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी तोंडी सुनावणी करून तेथेच निकाल देतात.

यातून आपण एक गोष्ट शिकावी. शेजारधर्माला प्रेम लागते, तशी पाळीही लागते. ‘आपलीच माणसे आहेत, नियम कशाला?’ असे म्हणून सुरू झालेली भागीदारी पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यावरून मोडते.

आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत, जेथे वाडी आहे पण मुले दूर असल्याने राबणारे हात नाहीत. शेजारच्या इमारतीत हात आहेत, पण माती नाही. सोसायट्यांच्या कुंपणालगत रिकाम्या पट्ट्या पडून आहेत. या दोघांची गाठ घालता येईल. त्यासाठी काही सूचना:

१. मालकी प्रथम स्पष्ट करावी. ‘जमीन कसायला दिली तर कूळ लागेल’ या भीतीने अनेक जण वाडी ओसाड ठेवतात. १९४८ च्या कूळकायद्याची आठवण अजून ताजी आहे. ही भीती हसण्यावारी न नेता जाणकार वकिलाच्या सल्ल्याने लेखी करार करावा.

२. पाणी, खत व राखणीच्या पाळ्या सर्वांनी मिळून ठरवून एका कागदावर लिहाव्यात.

३. पहिल्या चुकीला समज द्यावी. पुन्हा झाली तर ठरलेला दंड घ्यावा.

४. एक वाफा वाफेकऱ्यांचा नसावा. आळीतील आजारी, विधवा व भाडेकरू कुटुंबांनी, ती कोणत्याही धर्माची असोत, तेथून न विचारता भाजी खुडावी.

५. भांडण झाले तर पुढच्या रविवारच्या मिस्साआधी मिटवावे. वेदीवर अर्पण आणताना बंधूशी तंटा आठवला तर आधी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४).

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आळीतील कोणती विहीर, बावखल किंवा वाट पूर्वी सामाईक होती? आज तिची स्थिती काय आहे?

२. माझ्या वाडीत, गच्चीवर किंवा अंगणात शेजाऱ्याची ओंजळ भरेल असे काय आहे?

३. शेजाऱ्याने दिलेल्या ओंजळीची मी कधी पाटी केली का?

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक समूहाने निदान एक वाफा एकत्र लावावा, ही विनंती. भेंडी, वाल, अळू, जे जमेल ते. पहिली तोड शेजाऱ्याच्या दारी जावी.