चोथ्यातील स्फुरद

मक्याच्या दाण्यात सुमारे 70 टक्के पिष्ट असते. अमेरिकेतील आयोवा राज्यात या पिष्टाची साखर करून व ती यीस्टने आंबवून इथेनॉल तयार करतात. साखर इथेनॉल व वायू यांत रूपांतरित होऊन निघून जाते. प्रथिने, तेल, तंतू आणि क्षार मागे राहतात. साहजिकच उरलेल्या चोथ्यात त्यांचे प्रमाण मूळ दाण्याच्या जवळजवळ तिप्पट होते. हा चोथा वाळवून जनावरांना खाऊ घालतात. त्याला टाकाऊ म्हणणे अन्यायाचेच ठरेल!

अडचण आहे ती स्फुरदाची. मक्यातील बहुतेक स्फुरद फायटेट नावाच्या संयुगात अडकलेले असते. रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव ते मोकळे करतात. कोंबड्या व डुकरे यांना ते फारसे पचत नाही. न पचलेले स्फुरद विष्ठेतून शेतात आणि पावसाबरोबर नदीनाल्यांत जाते. मग पाण्यात शेवाळ माजते, प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात.

यावर एक उपाय असा : ऊर्ध्वपातनानंतर उरलेला द्रव आटवण्यापूर्वी त्यात चुना मिसळून आम्लता कमी करावयाची. स्फुरद चुन्यातील कॅल्शियमशी संयोग पावून साक्याच्या रूपाने तळाशी बसते. हा साका खतासाठी उपयोगी पडतो. भारतातही आता मका व तांदळाची कणी यांपासून इथेनॉल बनते. आणि आपल्या खतांना लागणारा फॉस्फेट खडक बहुतांशी परदेशातून आणावा लागतो.